खाद्यमालाच्या दुकानासाठी स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर: इतर दुकानांना द्यावं का?

गल्लामास्तर (धागाकर्ता)

माझं वाणसामानाचं छोटं दुकान आहे. धान्य, दूधदुभतं, पाव, थोडी फळं-भाजी. दिवसा गल्ल्यावर बसायचं आणि शटर खाली आलं की कोड लिहायचा, हा उद्योग बरेच दिवस चालू आहे.

बिलिंगची सॉफ्टवेअरं बाजारात ढिगाने मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला, असं घरचेही विचारतात. कारण असं की त्यातली बहुतेक सदरा, चार्जर आणि दही यांना एकाच मापाने मोजतात. सदरा यंदा नाही खपला तर पुढच्या हंगामात सवलतीत निघतो. दह्याची तारीख उलटली की ते थेट कचऱ्यात. साधा हिशेब करा. १०० ला विकायची वस्तू आपल्याला ९० ला पडते असं धरू. एक नग फेकला की त्याची खरेदी भरून काढायला तसेच ९ नग विकावे लागतात, आणि त्या ९ नगांवर आपण फुकट राबतो. म्हणून माझं ठाम मत आहे की खाद्यमालाच्या दुकानाचं सॉफ्टवेअर बिलापासून नाही, नासाडीपासून लिहायला घ्यावं. बिल काय, कॅलक्युलेटरवरही होतं.

सध्या माझ्याकडे तीन सुटी टूल्स आहेत. एक रोज सकाळी कागदाची पट्टी छापतं: आज कुठल्या फळीवर कुठल्या मालाची तारीख बघायची. दुसरं सुट्या मालाची वजनाची लेबलं काढतं. तिसरं उद्यासाठी किती माल मागवायचा ते सुचवतं, पण ते अजून कच्चं आहे. बिल करणारा भाग मुद्दाम बारीक ठेवलाय.

आता ओळखीचे काही दुकानदार म्हणतायत, आम्हालाही द्या, पैसे देऊ. द्यावं का? विकावं की त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला करावा? आणि एका दुकानात सुरळीत चालणारी गोष्ट दहा दुकानांत नेली की नेमकं काय मोडतं? जाणकारांनी बोलावं.

---

चिल्लर

कौतुक आहे, पण चाक पुन्हा कशाला शोधायचं? ओडू हे धंद्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर २००५ पासून आहे (तेव्हा त्याचं नाव टायनीईआरपी होतं), त्याची कम्युनिटी आवृत्ती मुक्त स्रोत आहे, त्यात लॉट (एकत्र आलेल्या मालाची तुकडी) नंबर आणि एक्सपायरी दोन्ही आहे. त्यावरच तुमचा तुकडा बसवा की.

---

गल्लामास्तर

चिल्लर, लॉटची सोय आहे हे मान्य. पण गल्ल्यावर तो लॉट सांगणार कोण? पाकिटावरचा नेहमीचा रेषांचा (ईएएन-१३) बारकोड फक्त वस्तू कोणती ते सांगतो. काल आलेल्या आणि महिन्यापूर्वी आलेल्या पाकिटावर तोच १३ आकडी क्रमांक असतो. स्कॅन झालं की प्रणाली आपल्या मनाने सर्वांत आधी संपणाऱ्या लॉटमधून एक वजा करते. गिऱ्हाईक मात्र फळीत मागे हात घालून ताजं पाकीट काढतं. मग संगणकात जुना लॉट संपलेला, आणि फळीवर जुनाच उरलेला. ही तफावत रोज वाढते आणि नेमकी तारखेच्या दिवशी कळते.

म्हणून मी विक्री लॉटमधून वजाच करत नाही. माल आला की 'या वस्तूची ही तारीख दुकानात आली' एवढीच नोंद. तारीख जवळ आली की सकाळच्या पट्टीवर प्रश्न छापला जातो: अजून आहे का, किती? माणूस फळीवर बघतो आणि आकडा लिहितो. शून्य लिहिलं की ती तारीख यादीतून गेली. उरलं असेल तर पुढे आणायचं, किंमत उतरवायची किंवा पुरवठादाराला परत करायचं, हे तिथेच ठरतं. एकूण साठा वेगळा, तारखांची यादी वेगळी. हिशेबतपासनिसाला हे आवडणार नाही, पण फळीवर ते खरं ठरतं.

---

बिनसाखरेचा

वाखू (वाचनखूण) साठवली.

---

शून्यप्रहर

गल्लामास्तर, तुमची पद्धत आजच्या बारकोडसाठी बरोबर आहे, पण पाया खणतानाच पुढचं धरून ठेवा. बारकोडची मानकं ठरवणाऱ्या जीएस१ संस्थेने २०२७ अखेरचं लक्ष्य ठेवलंय: तोवर दुकानांच्या गल्ल्यांना रेषांच्या बारकोडबरोबर चौकोनी द्विमितीय कोडही वाचता यायला हवेत. त्यात वस्तूच्या क्रमांकासोबत तुकडी आणि तारीख येऊ शकते. तसं झालं की तुमचा 'लॉट सांगणार कोण' हा प्रश्न निदान त्या पाकिटांपुरता सुटतो.

वाचताना मात्र तीन ठिकाणी पाय घसरतो. जीएस१ रचनेत प्रत्येक माहितीपुढे एक ओळखक्रमांक असतो: ०१ म्हणजे वस्तू, १० म्हणजे तुकडी, १५ म्हणजे 'या तारखेपूर्वी उत्तम', १७ म्हणजे वापराची अंतिम तारीख. पहिली गोष्ट, १५ आणि १७ एकाच रकान्यात कोंबू नका. १५ गुणवत्तेबद्दल असते, १७ सुरक्षिततेबद्दल. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय खाद्यमानकांच्या) लेबलिंग मानकातही २०१८ च्या सुधारणेत हा फरक स्पष्ट केलाय. पहिलीनंतर किंमत उतरवता येईल का, हे तुमच्याकडच्या कायद्यावर अवलंबून. दुसरीनंतर विकायचा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोष्ट, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सहा आकड्यांत येते आणि दिवसाच्या जागी ०० असू शकतं. त्याचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस. तुमच्या भाषेतलं तारखेचं फंक्शन त्यावर एकतर त्रुटी देईल किंवा गुपचूप मागच्या महिन्यात जाईल.

तिसरी सर्वांत छळणारी. तुकडीचा क्रमांक वीस अक्षरांपर्यंत कितीही लांब असतो, म्हणून तो संपल्याची खूण म्हणून एक अदृश्य विभाजक अक्षर येतं, आस्की या अक्षरसंचातलं २९ क्रमांकाचं. आपले बहुतेक स्वस्त स्कॅनर संगणकाला कीबोर्ड असल्याचं भासवतात आणि हे अक्षर वाटेत गिळतात. मग तुकडी आणि पुढची माहिती एकमेकांत मिसळते. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये त्याऐवजी दुसरं दिसणारं अक्षर पाठवायची सोय बहुधा असते. दहा दुकानांत दहा प्रकारचे स्कॅनर असतील, त्यामुळे पहिल्याच दिवशी तपासणीचा एक नमुना कोड छापून द्या.

---

मापात_पाप

सुट्या मालाच्या लेबलांबद्दल कुणी बोललं नाही. तिथेच खरी गंमत आहे.

गल्लामास्तर, तुमचं लेबल किंमत भरतं की वजन? नवीन वाचकांसाठी सांगतो: ईएएन-१३ मध्ये २० ते २९ या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे २१, मग वस्तूचे पाच आकडे, मग वजनाचे पाच आकडे आणि शेवटी पडताळा अंक अशी रचना आपली आपण करता येते. वस्तू ००३४५, वजन १.२५० किलो असेल तर २१००३४५०१२५० एवढं तयार होतं. डावीकडून एकाआड एक १ आणि ३ ने गुणून बेरीज करा, ३७ येते. पुढचा दशक ४०, म्हणून पडताळा अंक ३. पूर्ण क्रमांक २१००३४५०१२५०३.

पाच आकडे ग्रॅममध्ये असले तर ९९.९९९ किलोपर्यंत वजन मावतं, म्हणजे चिंता नाही. त्याच जागी किंमत भरली तर दोन दशांश धरून ९९९.९९ ला भिंत लागते. महाग वस्तू असेल तर लेबल छापलंच जात नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे वरचा आकडा कापून छापलं जातं.

---

गल्लामास्तर

वजन भरतो, सुरुवातीपासून. पण त्याचीही एक गोची आहे. सकाळी लेबल लावलं, दुपारी दर बदलला, तर लेबलवर छापलेली किंमत एक आणि बिलात दुसरी. गिऱ्हाईक भांडणार आणि त्याचं बरोबरच असणार. म्हणून दर बदलला की त्या वस्तूची आज निघालेली लेबलं किती आणि कुठली, याची यादी दाखवतो. ती उतरवून नवी लावल्याशिवाय नवा दर लागू होत नाही.

---

मापात_पाप

उत्तम. आता कडू भाग. काटा स्वतः वजन दाखवतो तोवर जबाबदारी काट्याच्या उत्पादकाची. काट्याकडून आलेल्या आकड्यावर तुमचं सॉफ्टवेअर भांड्याचं वजन वजा करतं, गुणाकार करतं आणि गिऱ्हाइकाला दाखवतं, तेव्हा बऱ्याच देशांत ते सॉफ्टवेअरही वैधमापनाच्या (वजनमापांच्या कायद्याच्या) कक्षेत येऊ शकतं. दुकानी काट्यांसाठी ओआयएमएल या आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची आर ७६ ही शिफारस आहे आणि किरकोळ विक्रीत साधारण तिसऱ्या वर्गाचे काटे चालतात. स्वतःच्या दुकानात तुम्हीच मालक होता. दुसऱ्याला दिलंत की तुम्ही मापाच्या साखळीतले एक झालात. माझा सल्ला: भांड्याची वजाबाकी काट्यावरच होऊ द्या. तुम्ही फक्त निव्वळ वजन घ्या, तेही काट्याने 'स्थिर' अशी खूण पाठवली तरच. काटा हलत असताना आलेला आकडा साठवायचाच नाही.

---

पावशेर

मी बेकरी चालवते. दादा, तुमच्या लेबलवर घटकपदार्थ आणि ॲलर्जनची (ज्यांची काहींना ॲलर्जी असते अशा घटकांची) ओळ येते का? माझ्यासाठी तारखेपेक्षाही ते मोठं आहे.

---

गल्लामास्तर

ताई, सध्या नाही. मी पदार्थ बनवत नाही, फक्त वजन करून विकतो, त्यामुळे गरज पडली नव्हती.

---

पावशेर

मग माझ्यासारख्यांना देण्याआधी ते करा, नाहीतर बेकरीला देऊच नका. आणि करायचं तर घटकांची यादी हाताने लिहायचा मोकळा रकाना ठेवू नका. पाककृती आणि तिच्या आतली उपपाककृती अशी रचना हवी. केकमध्ये क्रीम, क्रीममध्ये तयार मिश्रण, आणि त्या मिश्रणाच्या पुरवठादाराने परवा सोया लेसिथिन घातलं, तर त्या मिश्रणाची नोंद एकदा बदलल्यावर माझी सगळी लेबलं आपोआप बदलली पाहिजेत. हाताने लिहिलेल्या रकान्यात हा बदल कधीच पोचत नाही. ज्याला त्रास व्हायचा त्याला होतो, आणि लेबल तुमच्या टूलने छापलेलं असतं.

शिवाय 'नाही' आणि 'माहीत नाही' यांना वेगळे पर्याय ठेवा. रिकाम्या रकान्याचा अर्थ 'शेंगदाणे नाहीत' असा छापला जाऊ नये.

---

आकडेमोड

तिसऱ्या टूलबद्दल, म्हणजे मागणी सुचवण्याबद्दल बोलतो, कारण तिथे बहुतेक जण सरासरी काढून मोकळे होतात. गेल्या चार सोमवारी सरासरी २० नग खपले, म्हणून या सोमवारी २०. हे नाशवंत मालासाठी चुकीचं आहे आणि का, ते बघा.

नग विकला तर ३ मिळतात, उरला तर ७ जातात असं धरा. ३ भागिले (३ अधिक ७), म्हणजे ०.३. अर्थ असा की दहापैकी साधारण तीनच दिवस संपूर्ण मागणी भागेल, इतकाच माल मागवण्यात फायदा आहे. सात दिवस माल लवकर संपलेला परवडतो! उलट ज्या वस्तूत नफा मोठा आणि उरलं तर नुकसान किरकोळ, तिथे भरपूर मागवा. सरासरी दोन्ही वस्तूंना एकच उत्तर देते. हे गणित जुनं आहे. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये बँकेने रोकड किती ठेवावी यासाठी याच धर्तीचा विचार मांडला होता. पुढे वर्तमानपत्रं विकणाऱ्याच्या उदाहरणावरून ते रूढ झालं.

दुसरा सापळा याहून खोल. ज्या दिवशी पाव दुपारी एकलाच संपला, त्या दिवशीची 'विक्री २०' ही मागणी नव्हे. मागणी ३५ही असेल, पण माल नव्हता म्हणून दिसली नाही. तुम्ही विक्रीच्या आकड्यांवरून शिकणारं काहीही लिहिलंत तर ते हळूहळू कमी-कमी मागवायला शिकेल, आणि आपलं भाकीत दर वेळी बरोबर आलं असं स्वतःलाच सिद्ध करत राहील. उपाय सोपा आहे: शेवटचा नग किती वाजता विकला गेला ती वेळ साठवा. लवकर संपलेले दिवस वेगळे काढा आणि इतर दिवशी त्या वेळेपर्यंत किती टक्के विक्री झालेली असते, त्यावरून त्या दिवसाची मागणी अंदाजा.

---

गल्लामास्तर

आकडेमोड, ही वेळेची गोष्ट आजच कोडमध्ये जाते. तुमचं ०.३ चं गणित मात्र दुकानदाराला पडद्यावर दाखवायला माझं धाडस होत नाही. 'सात दिवस फळी रिकामी ठेवा' म्हटलं तर तो यंत्रच बंद करेल. आणि फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक बाकीचं सामानही दुसरीकडून आणतं, हे तुमच्या ३ मध्ये कुठे धरलंय?

---

आकडेमोड

धरलेलं नाही, रास्त आक्षेप. मग ३ वाढवा. किती वाढवायचं ते दुकानदाराने ठरवावं. टूलचं काम एवढंच की त्याला तो आकडा विचारणं.

---

जुनी_वही

या धाग्यावर एक आठवण काढलीच पाहिजे. व्यावसायिक कामासाठी रोज चालणारा जगातला पहिला संगणक कुठल्या बँकेने किंवा सैन्याने नाही, चहा-केक विकणाऱ्या कंपनीने बांधला. ब्रिटनमधल्या जे. लायन्स अँड कंपनीची चहाची दुकानं देशभर पसरलेली होती. १९४७ मध्ये त्यांचे दोन अधिकारी कार्यालयीन पद्धती बघायला अमेरिकेत गेले, तिथे संगणकतज्ज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना परत त्यांच्याच देशातल्या केंब्रिजकडे बोट दाखवलं. मॉरिस विल्क्स तिथे एडसॅक हा संगणक बांधत होते. लायन्सने त्यांना ३,००० पौंड आणि एक तंत्रज्ञ दिला, आणि त्या धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ पासून त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचं काम नियमित चालायला लागलं.

गल्लामास्तरांच्या पट्टीशी याचा थेट संबंध आहे. पुढे लिओवर दुकानांच्या मागण्यांचं काम आलं तेव्हा प्रत्येक दुकानाची एक ठरलेली मागणी आत भरून ठेवलेली होती. दुकानाची व्यवस्थापिका रोज फोनवर फक्त बदल सांगायची. बदल नसेल त्या वस्तूबद्दल बोलायचंच नाही. लायन्समधल्या डेव्हिड कॅमिनर आणि मंडळींनी आधी दुकानातलं काम समजून घेतलं, मग यंत्राला ते शिकवलं. आजची किती तरी ॲप्स दुकानदाराला रोज शंभर ओळी भरायला लावतात.

१९५४ मध्ये त्यांनी वेगळी कंपनी काढून संगणक इतरांना विकायला सुरुवात केली. १९६३ मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात मिसळली.

---

चिल्लर

लायन्स काही छोटा दुकानदार नव्हता हो, अवाढव्य कंपनी होती.

---

जुनी_वही

नव्हताच. पण तुमच्या धागाकर्त्याच्या खिशात आज जो फोन आहे तोही लिओपेक्षा बराच ताकदवान आहे.

---

रिकामा_रकाना

तांत्रिक बाजू चांगली चाललीय, मी पाणी ओततो. विकत दिलंत की तुम्ही दुकानदार राहत नाही, सेवा देणारे होता. दुसऱ्याच्या दुकानात प्रिंटर कधी बंद पडतो? गर्दीच्या वेळी. तुमच्या दुकानात गर्दी कधी असते? त्याच वेळी. फोन कोण उचलणार, हे ठरल्याशिवाय एकाही प्रतीचे पैसे घेऊ नका.

दुसरं, शेजारचा दुकानदार तुमचा स्पर्धक आहे. त्याचे खरेदीचे दर आणि पुरवठादार तुमच्या सर्व्हरवर येणार असतील तर आज त्याला चालेल, उद्या भांडण झालं की चालणार नाही. डेटा त्याच्याच यंत्रावर राहू द्या. एसक्यूलाइट हा एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस त्यासाठी पुरेसा आहे, २००० पासून आहे आणि कुणाच्याही मालकीहक्काविना सर्वांना मोकळा. मात्र डेटाबेसची फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन गल्ल्यांवरून उघडायचा मोह टाळा. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये त्याची कुलपं (एका वेळी एकानेच लिहावं यासाठीची) नीट चालतीलच असं नाही, आणि त्याची डब्ल्यूएएल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची) तर तिथे चालतच नाही. दोन गल्ले असतील तर प्रत्येकाची फाइल वेगळी. एकमेकांना 'साठा ४२' असा आकडा पाठवू नका. 'दोन विकले', 'एक फेकला' अशा नोंदी पाठवा, प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक देऊन. मग जाळं तुटलं, तीच नोंद दोनदा आली, तरी बेरीज बिघडत नाही.

तिसरं, कार्डाचा क्रमांक कुठेही साठवू नका. पैसे घेणारं यंत्र वेगळं राहू द्या, तुम्हाला फक्त 'मिळाले' कळलं की पुरे.

आणि हो, रकमा अपूर्णांकात नाहीत ना?

---

गल्लामास्तर

नाहीत. सर्वांत लहान नाण्याच्या पूर्णांकात. संगणकाच्या अपूर्णांकात ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४ हे दर्शन ज्याने घेतलंय त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. :) पूर्णांक करण्याचा नियम मात्र सेटिंगमध्ये ठेवलाय. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं राउंड २.५ ला २ करतं, आणि दुकानदाराला ३ अपेक्षित असतात.

फोन कोण उचलणार हा मुद्दा लागला. इतका वेळ मी हेच टाळत होतो. आत्ता असा विचार करतोय: तारखांची पट्टी आणि लेबलं खुली करून टाकतो. त्यात बिल नाही, पैसे नाहीत, बंद पडलं तर दुकान थांबत नाही. मागणीचं टूल अजून माझ्यापुरतं. बिलिंग देणारच नाही. ज्याच्याकडे जे आहे त्याने तेच वापरावं, मी त्यातून वस्तूंची यादी आणि विक्री साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या रकान्यांच्या) फाइलने उचलेन.

---

शून्यप्रहर

खुलं करायचं तर परवाना आधी ठरवा. एमआयटी परवाना दिलात तर कुणीही ते उचलून बंद पेटीत विकू शकतो. एजीपीएल परवाना दिलात तर बदललेली आवृत्ती सर्व्हरवर चालवणाऱ्यालाही आपल्या वापरकर्त्यांना कोड द्यावा लागतो. दुसऱ्या कुणाचे तुकडे आत घेतले असतील तर त्यांचे परवानेही तपासा.

---

चिल्लर

मी एमआयटीच्या बाजूचा. विकेल कुणी तर विकू दे, फोनही तोच उचलेल.

---

रिकामा_रकाना

हाहा. +१. बिलिंग न देण्याला तर +१००.

---

पावशेर

पाककृतीचा भाग लिहायला घेतलात तर तपासायला माझी बेकरी आहे. माझ्याकडे ५८ मिमीचा थर्मल प्रिंटर आहे, आणि त्यावर आपली लिपी उमटत नाही. जोडाक्षरांच्या जागी चौकोन येतात.

---

गल्लामास्तर

ताई, ते अक्षरं म्हणून पाठवलं तर येणारच नाही. त्या प्रिंटरच्या अक्षरसंचात बहुधा आपली लिपी नसते, आणि असली तरी जोडाक्षरं जुळवायची अक्कल नसते. मी पूर्ण ओळ आधी संगणकावर चित्र म्हणून रंगवतो आणि ठिपक्यांचं चित्रच पाठवतो. ५८ मिमीच्या कागदावर छपाई साधारण ४८ मिमी होते, मिमीला ८ ठिपके, म्हणजे ३८४ ठिपके रुंदी. ८० मिमीला सहसा ५७६. थोडं हळू छापतं, पण जोडाक्षरं शाबूत. फक्त लेबल ओव्हनजवळ लावू नका, थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो.

प्रिंटरचं मॉडेल आणि एका पदार्थाची पूर्ण पाककृती, उपपाककृतींसकट, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मिश्रणाच्या पुरवठादाराचं घटकपत्रक असेल तर त्याचा फोटोही.